परदेशी आटा चक्की

योगेंद्र परदेशी माणसाला चेहऱ्यावरून कमी आणि दळणावरून जास्त ओळखायचा. नालवाडीच्या नाक्यावर त्याची चक्की. गिऱ्हाइकानं डबा खाली ठेवून झाकण काढलं, की वजन करायच्या आधी याचा प्रश्न ठरलेला, "तुमी मूळचे कुठले जी?"

खरं तर विचारायची गरजच नसे. सातूसाठी भाजलेले चणे आले की माणूस उत्तरेकडचा. उन्हाळ्यातसुद्धा बाजरीच दळून नेणारा राजस्थानातला. नुसते तांदूळ आणून "जरा जाडसर ठेवजो" म्हणणारे छत्तीसगढचे. आणि संक्रांत जवळ आली, की भिजवून निथळलेले ओलसर तांदूळ घेऊन एखादी बाई यायची, ती तेलंगणातली. ओल्या तांदळानं चक्कीच्या दगडाला लोणी फासल्यासारखं होतं. योगेंद्र तोंडानं कुरकुर करायचा, पण दळून द्यायचा, कारण दळण होईतो त्या बाईकडून तिच्या आजीची गोष्ट काढून घेता यायची. कोण जिनिंगच्या कामाला आलं, कोण रेल्वेच्या रुळामागून आलं, कोण दुष्काळानं हाकललं म्हणून आलं. वर्धा शहर हे निम्मंअधिक आलेल्या माणसांचंच आहे आणि कोणीतरी हे सगळं गोळा करून ठेवायला पाहिजे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. ते कोणीतरी म्हणजे आपणच, हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. बायको होती तोवर ती म्हणायची, पीठ कमी आणि पंचायती जास्त. ती गेल्यावर त्याला अडवणारंही कोणी राहिलं नाही.

फोनमध्ये आवाज भरून ठेवता येतो हे कळल्यापासून तर विचारूच नका. दळण सुरू झालं, की फोन डब्याशेजारी. प्रत्येक गोष्टीच्या मागे चक्कीच्या पट्ट्याची घरघर. जवळच्या पिपरी मेघे गावचा मंगरू मडावी ज्वारी घेऊन आला, त्यालाही यानं विचारलंच. मंगरू गोंड. तो हसून म्हणाला, "आमी कुठून येनार बावा? तुमी सारे येऊन राह्यले होते, तवा आमी तुमाले पाहून राह्यलो होतो." हे उत्तर योगेंद्र पुढं वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होता.

आणि हा स्वतः परदेशी. म्हणजे आडनावानं परदेशी, जातीच्या रकान्यातही परदेशी. पणजोबा बुंदेलखंडातून आले, इथल्या लोकांनी त्यांना परदेशी म्हटलं, त्यांनी ते मान खाली न घालता स्वीकारलं आणि मुलांच्या नावापुढं लावलं. विदर्भात अशी घरं गावोगाव आहेत. शाळेत मास्तर हजेरीला "परदेशी" म्हणायचे आणि हा "हजर" म्हणून ओरडायचा. त्यात विचित्र काही आहे असं कधी मास्तरांना वाटलं नाही, कधी याला वाटलं नाही.

घरी आता तो आणि त्याची आत्या, भागीरथा. आत्येला बुआ म्हणायचं, एवढी एकच रीत त्या घरात तिकडची राहिली होती. बुआचं सासर हिंगणघाटचं, तेही परदेशीच. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि मागच्या खोलीत राहू लागली. जन्म वर्ध्याचा. एकदा वर्धा नदी ओलांडून यवतमाळला लग्नाला गेली होती, तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास. पण आजोबांची गोष्ट सांगायला लागली, की नर्मदेच्या पाण्यात हिचेच पाय भिजले असं वाटावं.

दिवाळीला योगेंद्रची मुलगी काजल नागपूरहून आली, तेव्हा तिनं बुआला खाटेवर बसवून ही गोष्ट फोनवर चित्रासकट घेतली. बुआ तुरीच्या शेंगा सोलत होती, सोलता सोलता सांगत होती. "आमी परदेसी आहो. नरबदा माय उतरून आलो, पायी-पायी. कागद-गिगद कोनापाशी होते तवा? डोक्यावर गठरी अन् हातात लाठी. जिनिंगच्या शेटनं फाटकावर उभं केलं, म्हने, तू राख. मंग राखलं आमी." आणि तोंडाला पदर लावून हसली. "वर्ध्यातले आपण सारे" असं एक पान योगेंद्रनं फेसबुकवर उघडलं होतं, तिथं त्यानं ते टाकलं. ओळखीच्यांनी अंगठे दिले, दोन-चार परदेशी घरांनी आपापल्या आजोबांची नावं लिहिली. योगेंद्र दोन दिवस हवेत होता.

मग एका सकाळी समोरचा सायकल दुरुस्तीवाला कैलास हातातला पाना न ठेवताच, दुसऱ्या हातात फोन धरून रस्ता ओलांडून आला. "योगेंद्रभाऊ, हे बुआच होय ना?"

बुआच होती. पण नर्मदा नव्हती, शेट नव्हता, फाटक नव्हतं, हसणंही कापलेलं. उरलं होतं एवढंच: "आमी परदेसी आहो. उतरून आलो. कागद-गिगद कोनापाशी होते." आणि खाली लाल अक्षरांत, वर्ध्यात परदेशी महिलेची कबुली.

योगेंद्र आधी हसला. खरोखरच हसला. "कोन येडा हाय हा? परदेशी मंजे काय हे याले मालूम नाई का?"

"मालूम नसनार," कैलास म्हणाला. "नाईतर चांगलं मालूम असन."

यातलं कुठलं जास्त वाईट, हे योगेंद्रला ठरवता येईना. त्यानं खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या आणि हसू जागच्या जागी विरलं. हाकला, कोणी आसरा दिला, किती जण असतील आणखी. कोणीतरी विचारलं होतं, पत्ता काय. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, नालवाडी नाका, चक्कीवर पाटीच लावलेली आहे. लिहिणारा ओळखीचा असला पाहिजे. बाहेरच्याला पाटी कशी ठाऊक असणार? कदाचित काल-परवाच याच चक्कीतलं पीठ घेऊन गेलेला.  त्या सकाळी जे जे गिऱ्हाईक आलं, त्याच्या तोंडाकडे योगेंद्र, हा तर नसेल, हा तर नसेल, असं बघत राहिला.

दुपारी दोन मोटारसायकलींवर चौघे जण आले. दळण नव्हतं त्यांच्याकडे. पाटी मोठ्यानं वाचली, "परदेशी आटा चक्की", एकानं तिचा फोटो काढला. चक्की चालू होती म्हणून योगेंद्रला त्यांचं आपापसातलं बोलणं ऐकू येईना, आणि चक्की बंद करायला हात होईना. शेवटी एक जण आत आला. वागणं अगदी सभ्य. पिठाच्या पाटावर बोट फिरवून त्यानं विचारलं, "काका, मूळचे कुठले?"

आयुष्यभर याच शब्दांत योगेंद्रनं लोकांना विचारलं होतं. त्याला नेहमी वाटायचं, हा प्रश्न म्हणजे बसायला पाट देण्यासारखा आहे. आज तोच समोरून आला.

"इथलाच," तो म्हणाला.

"मंग पाटीवर काय हाय?"

"आडनाव हाय ते."

"असं आडनाव असते का?" पोरगा मागे वळून बाकीच्यांकडे बघून हसला. "बाई कुठी हाय?"

"कोनती बाई?" योगेंद्र म्हणाला. म्हटलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली, कारण मागच्या खोलीत बुआचा खोकला चालू होता आणि पट्ट्याच्या घरघरीत तो या लोकांना ऐकू जाऊ नये एवढीच प्रार्थना तो करत होता.

"येतो आमी," पोरगा म्हणाला. गेले. आवाज नाही चढवला, हात नाही लावला. "येतो" म्हणजे आजपुरतं जातो की परत येणार, हे मात्र मोघम ठेवून गेले. योगेंद्रनं स्टुलावर चढून पाटीवर रिकामं पोतं बांधलं. सुतळीची गाठ तीनदा सुटली.

तो व्हिडिओ त्यानं पानावरून काढला, मग सगळं पानच काढून टाकलं. पण कापलेला तुकडा काही त्याच्या हातात नव्हता. तो हिंगणघाटला पोचला, अल्लीपूरला पोचला, बुआच्या सासरच्यांचा फोन आला की बाबा आमचं नाव कुठं घेऊ नको. आपल्या माणसांनी असं म्हणावं याचा राग यायला हवा होता. आला नाही. भीतीनं रागाला जागाच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नरसम्मा आली. ओल्या तांदळाची बाई. डबा नव्हता. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊ, मी बोललेली ते काढून टाका."

"तुमचं कुठी टाकलंच नाई मी, फोनमदीच हाय."

"फोनमदलंच म्हनते मी. पोराले आताच नोकरी लागली. तुमी इतिहास म्हनले म्हनून सांगितलं. मले काय मालूम इतिहास असा निंगते."

"काढतो जी."

"आता काढा. मी उभी हावो."

त्यानं तिच्यासमोर काढलं. ती गेली आणि मग एकेक जण येऊ लागला. छत्तीसगढचे गवंडी आले, सातूवाले आले. कोणी भांडलं नाही, कोणी बोल लावला नाही. पण सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू यानं त्यांच्या घराची दारं रस्त्यावर उघडी टाकली. मंगरूही आला. आधी हसला, म्हणाला, "माहं राहू द्या. आमाले कोन कुठी हाकलनार?" सायकलवर बसला, थोडा पुढं गेला, मग परत फिरून आला. या वेळी हसत नव्हता. "नाई, काढाच," म्हणाला.

वर्षभर ज्याला त्याला ऐकवलेलं ते उत्तर योगेंद्रनं पुसलं. दुपारी वीज गेली. चक्की थांबली, नाक्यावर सामसूम झाली आणि त्या शांततेत बसून त्यानं उरलेले सगळे आवाज एकेक करून पुसले. पुसण्याआधी ऐकायचे असं ठरवलं होतं. पहिलाच लावला, कोणा म्हातारीचा, "आमच्याकडं नं बाप्पा लय पानी होतं," आणि घरघर. पुढं ऐकवेना. बाकीचे न ऐकताच गेले.

काजल नागपूरहून धावत आली. व्हिडिओ आपण केला, आपल्यामुळं झालं, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं, पण रडत बसायचा तिचा स्वभाव नाही. तिनं बुआची शिकवणीच सुरू केली.

"बुआ, कोनी विचारलं तर काय सांगायचं?"

"आमी इथलेच."

"अन् नर्मदा?"

"नाई पायली कधी."

"अन् तो शब्द?"

"तो नाई बोलायचा," बुआ म्हणायची. अगदी हळू, भिंतीलाही ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

ही तीच बुआ, जी जिनिंगच्या फाटकाची गोष्ट सांगताना खाटेवर काठी आपटायची. आता तिनं खिडकी लावून घेतली. तुरीच्या शेंगा आत, अंधारात सोलायची. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेलं. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, तर हिनं दार उघडून पातेल्याऐवजी कार्ड पुढं केलं. दूधवाला हसला. बुआ हसली नाही. योगेंद्र आतून बघत होता. मोटारसायकलीवरची पोरं आली होती तेव्हाही त्याला एवढी भीती वाटली नव्हती.

कोणीतरी ठाण्यात रीतसर तक्रारीचा अर्ज दिला होता. त्याच्या चौकशीला वर्दीतला हवालदार आला, नीलेश नावाचा. भर सकाळ. चक्कीसमोर गाडी लावली, पोतं बांधलेल्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "आजीले बोलवा."

बुआ आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काजलनं खुर्ची दिली तर बसेना.

"नाव काय आजी?"

"भागीरथा."

"वडलाचं?"

"रामाजी."

"आडनाव?"

बुआनं तोंड उघडलं आणि मिटलं. योगेंद्रच्या तेव्हा लक्षात आलं, की आपण तिला काय शिकवून ठेवलंय. तो शब्द बोलायचा नाही. पण त्या शब्दाशिवाय तिला दुसरं आडनावच नव्हतं, माहेरचं नाही, सासरचं नाही. त्यानं पुढं होऊन काही बोलायला घेतलं, तर हवालदारानं हात वर केला. "तुमी नका बोलू भाऊ. आजीले बोलू द्या."

"आडनाव सांगा आजी."

"नाई."

"काय नाई?"

"आडनाव नाई साहेब. आमाले आडनाव नाई. आमी इथलेच."

हवालदारानं लिहायचं थांबवलं. इतका वेळ तो कंटाळलेला होता, आता सावध झाला. बिनआडनावाचा माणूस म्हणजे काय, हे पोलिसाला वेगळं सांगावं लागत नाही.  संपलं, नेतात हिला, योगेंद्रच्या मनात आलं. ठाण्यात नेतात, मग कुठं नेतात, कोणाला विचारायचं, कोणाला फोन करायचा? ज्या शहराची सगळी माणसं आपण नावगावासकट ओळखतो असं तो मिरवायचा, त्यातलं एकही नाव त्याला त्या घडीला आठवेना.

"कागद काई हाय?"

बुआनं कमरेची पिशवी सोडली, कार्ड काढलं आणि पुढं केलं. पण सोडेना. तिचा अंगठा नावाच्या शेवटी घट्ट दाबलेला, नख पांढरं पडलेलं. हवालदारानं कार्ड धरलं, जरा ओढलं. तिनं आणखी दाबलं.  मग त्यानं दुसऱ्या हातानं, अगदी सावकाश, तिचा अंगठा उचलला आणि खालचं वाचलं.

"परदेशी," तो म्हणाला. बुआनं डोळे मिटून घेतले.

"परदेशी मंजे ते जिनिंगवाले परदेशी ना?" हवालदार योगेंद्रकडे वळला. "माह्या वर्गात दोन होते. एक तं रोज माहा डबा खाऊन टाके." त्यानं कार्ड परत बुआच्या हातात ठेवलं. "याच्यापायी होय का सारं? आजी, काऊन भेता? तुमी इथलेच आहा. मी लिहून देतो तसं."

लिहूनही दिलं. जाताना गाडीला किक मारता मारता म्हणाला, "भाऊ, पोतं काढा नाईतर ठेवा, तुमची मर्जी. पन काही दिवस कोनाले कुठले-गिठले विचारत बसू नका. लोकं लय भेऊन राह्यले."

म्हणजे सुटले. जीव भांड्यात पडायला हवा होता. काजल निर्धास्त होऊन नागपूरला गेली, कैलासनं चहा पाजला, तो तुकडाही हळूहळू लोकांच्या फोनमध्ये नव्या तुकड्यांखाली गाडला गेला. गिऱ्हाईक परतलं. चक्की चालू झाली. पण योगेंद्र आता डब्याचं झाकण काढल्यावर फक्त "जाड का बारीक?" एवढंच विचारायचा. भाजलेले चणे आले तरी मान वर करायचा नाही. रस्त्यावर मोटारसायकलीचा वेग कमी झाला, की त्याचा हात आपोआप बटणाकडे जायचा, चक्की बंद करावी की चालू ठेवावी हे न कळून तिथंच थांबायचा.

बुआच्या छातीत त्या दिवसापासून धडधड सुरू झाली ती थांबेना. शेवटी तो तिला रिक्षात घालून गावातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. दवाखाना भरलेला होता. बाकावर माणसं खेटून बसलेली, दाराशी उभी. नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"भागीरथा रामाजी."

"आडनाव?"

साधा प्रश्न. ती दिवसभर सगळ्यांना तोच विचारत होती. योगेंद्रच्या मागे लोक उभे होते, बाकावर एक जण फोन बघत बसला होता आणि आत्ताच त्यानं मान वर केली होती. योगेंद्रला आपल्या पणजोबांचं नाव माहीत होतं, त्यांच्या लाठीचं लाकूड कोणतं होतं तेही माहीत होतं. ते कुठं नर्मदा उतरले ते त्यानं नकाशावर शोधून ठेवलं होतं. मुलीनं पेन थांबवून वर बघितलं.

"वानखेडे," तो म्हणाला.

मुलीनं लिहून घेतलं. तो वळला, तर बुआ त्याच्या मागेच उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती काही म्हणेल, निदान बघेल तरी, असं त्याला वाटलं आणि त्यानं नजर चुकवली. बुआनं त्याचं मनगट धरून थोपटलं, लहानपणी पाढे बरोबर आले की थोपटायची तसं.

"असंच सांगत जाजो," ती कुजबुजली.

दोघं बाकाच्या टोकाला जागा करून बसले. बऱ्याच वेळानं आतून हाक आली, भागीरथा वानखेडे. योगेंद्रला ती हाक कोणाची हे कळायला वेळ लागला. बुआ तोवर उठून उभी राहिली होती.